ताना नावाचं हॉटेल

रविवार, १५ जून २०२५
गॉलवे, आयर्लंड

…आणि मग नळ आला. मे महिन्यात घाटंजीला नळ चार दिवसांनी येतो, आणि आला की दुसरं काही करता येत नाही. मी सडा अर्धा टाकून सोडला, पाइप जोडला, आधी पिण्याचं भरलं, मग ड्रम, मग हंडे, मग बादल्या, शेवटी घरातली होती नव्हती ती भगोणी. माझे यजमान रामराव अंगणात मोटारसायकलला पिशवी बांधत होते. पिशवीत त्यांचा झारा, मोठी सुरी आणि मसाल्याचे दोन डबे. बाभुळगावला लग्न होतं, चारशे पान. "ताना, निंगतो," म्हणाले. मी पाइप धरून होते. "हो," म्हटलं. वळून बघितलं नाही. ड्रम भरत आला होता.

कालपासून ही सकाळ डोक्यातून जात नाही. सहा वर्षं झाली. पंगती उरकून ते परत येत होते, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रस्त्यात आडवा आला आणि एक रोही थेट गाडीवर आदळली. घाटंजी सात किलोमीटर राहिली होती.

पण ते लिहायला वही उघडलेली नाही. कालच्या जेवणाबद्दल लिहायचं आहे, आणि राग इतका आहे की कुठून धरावं कळत नाही.

सुरुवातीपासून लिहिते. माझा मुलगा ऋतिक इथे पाच वर्षांपासून आहे. नागपूरला हॉटेलचं शिकला, इथे स्वयंपाकी म्हणून लागला आणि मागच्या वर्षी इथल्याच एका माणसाबरोबर भागीदारीत स्वतःचं हॉटेल काढलं. मी पहिल्यांदाच आले, दीड महिन्यासाठी. आल्यापासून तो आणि सूनबाई राखी सांगत होते की हॉटेल शेवटी दाखवू. काल दाखवलं.

दारावर तांब्याची अक्षरं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं लागतात. टी, ए, एन, ए. ताना.

मी रस्त्यातच थांबले. म्हटलं, "काहून रे, माह्यं नाव? मले तर धड फोडणी देता येत नाही."

"असू दे ना आई," ऋतिक म्हणाला. "तुले आवडलं नाही?"

आवडलं. खोटं कशाला लिहू. पण मी म्हणाले तेही खरंच होतं. आमच्या घरी स्वयंपाक ते करायचे. दुसऱ्याच्या लग्नात चारशे लोकांचं रांधून आलेला माणूस घरी येऊन तिघांचं करायचा, आणि मी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून आणून. "तू वाच, मी हलवतो," असं आमचं ठरलेलं होतं. ते गेले तेव्हापासून वाचून दाखवायला कोणी नाही, म्हणून वही लिहिते.

आत गेलो. संध्याकाळचे आठ वाजलेले आणि बाहेर आपल्या चार वाजताचं ऊन. भिंतीला लागून काचेच्या उंच भांड्यांत वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या केलेल्या, बोंडांसकट. कापूस वेचून झाला की आम्ही पऱ्हाट्या उपटून जाळतो. इथे त्यांच्यावर दिवे सोडले आहेत.

मग जेवण. एकेक पदार्थ, आणि दोन पदार्थांच्या मध्ये इतका वेळ की मागचा कोणता होता ते विसरावं. रोडगा आला तो लिंबाएवढा, एकच, शाळेतल्या पाटीसारख्या काळ्या दगडावर. वर जांभळं फूल. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडला की वाफ तोंडावर यायला पाहिजे. हा फुटेचना. वरण चहाच्या पेल्यात. आणि वांग्याची भाजी. ती भाजी म्हणजे रामराव. मोठ्या कढईत तेलावर खोबरं, खसखस, काळा मसाला, आणि वांग्याला पाणी म्हणून दाखवायचं नाही, वरून मूठमूठ सांभार, म्हणजे हिरवी कोथिंबीर. तिच्यासाठी लोक लग्नाची तारीख त्यांना विचारून धरायचे. इथे ती पांढरी होती. नारळाचं दूध. आणि गोड.

मी ऋतिककडे बघितलं. तो माझ्याचकडे बघत होता.

"कशी झाली?"

"साखर टाकली?"

"थोडी. इथल्या लोकायले तिखट चालत नाही, आई."

"मंग त्यायले दुसरं काही खाऊ घाल. हे काहून?"

राखी म्हणाली, "आई, हळू बोला."

कोणाला मराठी कळत होतं तिथे? तरी मी गप्प बसले. रामराव पंगत बसायच्या आधी मांडवातल्या एखाद्या म्हाताऱ्याला चव द्यायचे आणि म्हणायचे, चुकलं असलं तर आत्ता सांगा, लोक बसल्यावर सांगू नका. इथे लोक बसलेले होते.

तेवढ्यात ऋतिकचा भागीदार मध्यभागी उभा राहिला आणि काहीतरी बोलला. त्यात 'ताना' आलं, 'यवतमाळ' आलं, 'रामराव' आलं. सगळे माझ्याकडे वळले. ऋतिक म्हणाला, "आई, उभी राह्य." मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. थांबेचनात. मी हात जोडले. एक पांढऱ्या केसांची बाई उठून आली, माझे दोन्ही हात धरले, तिचे डोळे भरले होते. बराच वेळ काही बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही फार धीराच्या."

मला वाटलं, हिचाही गेला असणार. मी ऋतिकला म्हटलं, "तिचे कधी गेले, विचार." त्यानं विचारलं नाही.

टेबलावर जाड कागदाचं कार्ड होतं. पहिल्या पानावर माझा फोटो, राखीनं मागच्या दिवाळीत मागवून घेतलेला. खाली सहा-सात ओळी. मी अक्षरं लावत गेले आणि 'रामराव' सापडलं. त्यांचं नाव आयुष्यात लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापून आलं नव्हतं. मी राखीला म्हटलं, वाचून दाखव. ती म्हणाली, घरी गेल्यावर. मी कार्ड पिशवीत टाकलं. तेवढी एकच गोष्ट त्या जेवणात गोड लागली.

घरी येताना गाडीत मी बोलून घेतलं. म्हटलं, बापाची भाजी करायची तर बापासारखी कर, नाही तर नाव घेऊ नको. ऋतिक पुढे बघून गाडी चालवत राहिला. मग मी अजून बोलले.

मंगळवार, १७ जून

ऋतिक दोन दिवस फुगून आहे. आज मात्र घरी एक बाई आणली, कोण्या मासिकात लिहिते. तिनं प्रश्न विचारायचे, ऋतिकनं मला सांगायचे, मी बोलायचं, त्यानं तिला सांगायचं.

तिनं फार हळू आवाजात एक प्रश्न विचारला, बराच लांब. ऋतिक म्हणाला, "इचारते, बाबाची आठवण येते का."

मी म्हटलं, "येते. गेले त्या दिवशी मी पाणी भरत होते. बघितलंही नाही. रोहीनं धडक दिली, दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत. चांगला माणूस होता, हाताला चव होती."

ऋतिकनं तिला एकच वाक्य सांगितलं. बाईनं मान खाली घातली.

मग तिनं विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती पडतो. मी म्हटलं, "कधी पडतो, कधी नाही." यावर ऋतिक तीन-चार वाक्यं बोलला. इंग्रजी भाषाच तशी असावी, लांबच्याला आखूड आणि आखुडाला लांब.

जाताना तिनं मला मिठी मारली. इथे सगळ्याच बाया फार मायाळू दिसतात.

शनिवार, २१ जून

बॅग भरली. राखी साड्या घड्या करून देत होती. कार्ड बघून तिचा हात थांबला. "आई, हे इथेच राहू द्या ना. तिकडे मळेल."

"मळलं तर मळलं. शेजारी दाखवायला पाहिजे."

"तुम्हाला मी दुसरं पाठवते. चांगलं."

"याला काय झालं?"

तिनं पुढची साडी घडीला घेतली. पोर चांगली आहे, पण मनातलं सांगत नाही. कार्ड मी दोन साड्यांच्या मध्ये ठेवलं.

रविवार, ६ जुलै
घाटंजी

येऊन बारा दिवस झाले. आज जे झालं ते लिहिते आणि मग झोपते, झोप आली तर.

ऋतिकनं दिलेले चॉकलेटचे डबे वाटायचे राहिले होते. दुपारी ममता आली. ममता शेजारची, आम्ही वीस वर्षं सोबत निंदायला जातो. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा स्वतःच्या हातानं गेला, वावरातच. ती त्याबद्दल बोलत नाही आणि आम्ही कोणी विचारत नाही. सुरभीही होती. माझ्या दिराची मुलगी, कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते.

ममतानं कार्डावरचा फोटो बघितला. "माय वं, काय फोटो काहाडला. सिनेमातली सासू दिसून राह्यली."

"तुह्यासारखी सून भेटली असती त तशीच झाली असती," मी म्हटलं.

हसलो. मी सुरभीला म्हटलं, वाच, खाली मोठ्याबाबांचं नाव आहे, काय लिहिलं ते दोघींना सांग. सुरभी मोठ्या हौसेनं सरसावून बसली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची.

"रामराव हे यवतमाळ जिल्ह्यातले कापूस पिकवणारे शेतकरी होते."

"आचारी होते," मी म्हटलं. "असो. पुढे."

"या भागाला लोक आत्महत्यांची भूमी म्हणून ओळखतात." तिनं कार्डावरून वर बघितलं. "मोठीआई, पुढचं वाचू?"

"थांबली काहून?"

"एकामागून एक तीन दुष्काळ पडल्यावर, दोन हजार एकोणीस साली, रामराव यांनी आपल्या शेतात जीवन संपवलं. घरात धान्याचा दाणा नव्हता. त्यांची पत्नी ताना हिनं रानातली वांगी आणि मूठभर पीठ यांवर आपल्या मुलाला जगवलं. आज तुमच्या ताटात आहे ती तिच्या भुकेची चव आहे."

मला आधी समजलंच नाही. वाटलं, दुसऱ्या कोणाचं आहे. मी म्हटलं, नीट वाच, कोणते रामराव? मग माझाच फोटो दिसला.

सुरभीनं कार्ड मांडीवर उलटं ठेवलं. मग ममता म्हणाली, "अजून एकखेप वाच." सुरभीनं माझ्याकडे बघितलं. "तिच्याकडं काय पाहतं? म्या सांगतलं ना, वाच."

सुरभीनं पुन्हा वाचलं. ममता मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं लिहिलं हाये."

मी म्हटलं, "ममता, मले माहीत नव्हतं."

"कसं माहीत असन? इंग्रजीत हाये ना." ती उठली. दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मरण माह्या घरचं, हाटेल तुह्या घरचं."

चॉकलेटचा डबा खाटेवर ठेवून गेली.

आता मला त्या टाळ्या आठवतात. त्या पांढऱ्या केसांच्या बाईचे डोळे आठवतात. ती माझे हात धरून काय बोलत होती ते आता कळतं. आणि मी तिचे कधी गेले ते विचारत होते.

सोमवार, ७ जुलै

आज लिहीत नाही. लिहिलं तर वही फाटेल.

बुधवार, ९ जुलै

ऋतिकला फोन केला. दोन दिवस केला नाही, कारण तोंडातून काय निघालं असतं याची मलाच खात्री नव्हती. शब्द होते तसे लिहिते.

"बाबा कसे गेले, तुले माहीत नाही?"

तो लगेच समजला. "सुरभीनं वाचलं?"

"म्या काय इचारलं?"

"माहीत हाये, आई."

"मंग?"

"थे म्या नाही लिहिलं. भागीदारानं एका बाईकडून लिहून घेतलं. तिनं इचारलं कुठचे, म्या म्हणलं यवतमाळ. तिनं फोनवर पाह्यलं. मंग म्हणे, वडील शेतकरी होते का? म्या हो म्हणलं. वावर हायेच ना आपलं. मंग म्हणे, ते कसे गेले, त्या आत्महत्यांतच का? तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं, आई. म्या नाही म्हणलो नाही."

"म्हणजे हो म्हणला."

"नाही म्हणलो नाही."

"एकच हाये थे, ऋतिक."

तो म्हणाला, सहा महिने हॉटेल रिकामं होतं. ते कार्ड आलं आणि लोक यायला लागले. आता अकरा माणसं कामाला आहेत.

मी म्हटलं, "तुह्या बापानं चारशे पानं वाढली बाभुळगावले, अन् तू लिहिलं की घरात दाणा नव्हता. आचारी काहून नाही सांगितलं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आचाऱ्याचं पोरगं आचारी झालं, यात कोणाले काय वाटन, आई?"

मी फोन ठेवणार होते, तो म्हणाला, थांब. खरी गोष्ट पुढेच होती. वीस तारखेला तिकडून काही जण घाटंजीला येणार आहेत, माझं चित्रीकरण करायला. त्यावर दुसऱ्या शहरातलं हॉटेल ठरणार आहे. मला काहीच करायचं नाही. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं.

"तू फक्त बस. बोलू नको. अन् सुरभीले आणू नको."

"नाही बसली त?"

"मंग सगळं संपन. माह्यं, राखीचं, सगळं. पाह्य तू."

म्हणजे आता त्याचं पोट आणि त्याच्या बापाचं मरण, दोन्ही माझ्या जिभेवर. मला हे कोणी विचारून दिलं नव्हतं.

शनिवार, १२ जुलै

ममताच्या वावरात गेले. सहा दिवस ती माझ्या दारावरून जाते आणि बघत नाही. एकटीच निंदत होती. तण पऱ्हाटीच्या वर गेलंय आणि बाया मिळत नाहीत. मी बाजूची ओळ धरायला वाकले तर म्हणाली, "राहू दे. तुह्या हाताची सवय गेली आता. फोटोवाली झाली तू."

"माफी मांगाले आली."

"कायले? तू लिहिलं का?"

"माह्या पोरानं लिहू देलं."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या घरी कोणी फोटो काहाडाले आलं नाही, तानाबाई. आलं असतं तरी म्या बसू देलं नसतं. अन् तुह्या पोराले भाजी विकाले मरण लागते. तुह्या नवऱ्याले लागत नव्हतं."

मी वीस तारखेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तू काय करतं मंग?"

"माहीत नाही. पोराचं सगळं जाते म्हणते."

"माहीत नाही त जाय घरी. वांगं उकडून खाय, साखर टाकून."

मी घरी आले. तिच्यावरही राग आला. तिला कोणाला वाचवायचं नाही, मला आहे. लिहून झाल्यावर कळतं की हे वाक्य तिच्याबद्दल लिहिणं किती वाईट आहे. पण खोडत नाही.

गुरुवार, १७ जुलै

मागचे कागद शोधत होते. रामरावांचा मृत्यूचा दाखला हवा होता, त्यात अपघात लिहिलेलं आहे, ते कोणाला तरी दाखवावं असं डोक्यात होतं. दाखला सापडला. त्याच्या खाली ऋतिकच्या शाळेचे जुने कागद.

पाचवीचा प्रवेश अर्ज. माझं अक्षर. फॉर्म भरायला गल्लीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे यायच्या, मला त्याचा तोरा होता. 'वडिलांचा व्यवसाय' समोर मी लिहिलंय: शेती.

तीन एकर वावर. ते आम्ही कायम मक्त्यानं दिलं. रामराव तिथे वर्षातून दोनदा जायचे, तेही वांगी बघायला. त्या वर्षी वर्गातली पोरं ऋतिकला चिडवायची, आचाऱ्याचा पोरगा उरलेलं खातो म्हणून. तो रडत आला होता. म्हणून मी शेती लिहिलं. सगळेच लिहितात, सातबाऱ्यावर नाव असलं की शेती. रामराव लसूण सोलत होते. "काय लिहिलं?" म्हणाले. मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि सोलत राहिले.

दहावीच्या फॉर्मवर शेती. बारावीला शेती. नागपूरच्या कॉलेजात शेती. सगळीकडे माझंच अक्षर.

त्या बाईनं ऋतिकला विचारलं, वडील शेतकरी होते का, आणि त्यानं हो म्हटलं. ते उत्तर मी त्याला दहा वर्षांचा असताना शिकवलं होतं.

आणखी एक लिहायचं राहिलं आहे, तेही लिहिते. त्या हॉटेलात टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं. का पडतात हे माहीत नव्हतं, पण बरं वाटलं. जेवण वाईट होतं म्हणून मी गाडीत भांडले आणि टाळ्यांबद्दल एक शब्द बोलले नाही.

आता राग कोणावर धरायचा? ऋतिकवर आहेच. माझ्यावर आहे. आणि त्यांच्यावरही आहे. "बरं" कशाला म्हणालात? मी लिहिलेलं खोडायला लावायचं होतं. चारशे लोकांना ओरडून ओळीत बसवणारा माणूस, आणि घरी मला एक शब्द म्हणाला नाही.

मंगळवार, २२ जुलै

परवा ते आले. दोन बाया आणि एक पुरुष. एकीच्या हातात कॅमेरा, पुरुष सोबतीला, दुसरी बाई नागपूरची, त्यांचं मराठी-इंग्रजी करायला आणलेली.

मी हिरवी साडी नेसले होते. नागपूरची बाई म्हणाली, "काकू, जरा फिकी साडी नाहीये का?" मी म्हटलं, आहे, पण नेसायची नाही.

वावरात नेलं. कॅमेरावाली बाई इकडेतिकडे बघत राहिली. तिनं नागपूरवालीला काही विचारलं. मी म्हटलं, काय म्हणते? ती जरा संकोचली. "त्या म्हणतात, इतकं हिरवं असेल असं वाटलं नव्हतं."

जुलै आहे. कसं असणार?

त्यांनी मला धुऱ्यावर बसवलं, पऱ्हाटीकडे तोंड करून. म्हणाले, नुसतं लांब बघा. मी दोन मिनिटं लांब बघितलं. तिकडे ममता आपल्या वावरात वाकलेली दिसत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

मी उठले आणि सुरभीला हाक मारली. ती बाभळीखाली उभी होती, मीच आणली होती. म्हटलं, मी बोलते तसं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही.

मी म्हणाले, "माझे यजमान रामराव आचारी होते. घाटंजी, बाभुळगाव, यवतमाळ, कुठेही विचारा. एकोणीस साली लग्नाचं जेवण रांधून येताना रोहीची धडक बसली आणि ते गेले. त्यांनी जीव दिला नाही. आमच्या घरी कोणी उपाशी नव्हतं. मला स्वयंपाक येत नाही. कार्डावर जे लिहिलं ते आमचं नाही. या गावात ज्यांच्या घरी ते झालं, त्यांना विचारल्याशिवाय ते छापायचा तुम्हाला हक्क नाही."

सुरभीनं एकेक वाक्य तसंच सांगितलं. पुरुषानं काही विचारलं. "मोठीआई, ते विचारतात, म्हणजे सगळंच खोटं आहे का?"

"मरण खोटं आहे. भाजी खरी होती, तीही तुम्ही बिघडवली."

कॅमेरावाल्या बाईनं कॅमेरा बंद केला. नागपूरची बाई माझ्याजवळ आली. "काकू, विचार करा. मुलाचं नुकसान होईल."

"दीड महिना तेच करते आहे," मी म्हटलं. दीड महिना झाला नाही, पण तसं वाटलं. "चालू करायला सांगा, मला त्यांच्या भाजीची कृती सांगायची आहे. वांगं कधी टाकायचं तेवढं तरी बरोबर जाऊ दे."

तिनं भाषांतर केलं. कॅमेरावाली माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं चालू केला. ते त्यांना उपयोगी पडेल असं वाटत नाही. पण मी तेलापासून सांभारापर्यंत सगळं सांगितलं. करता येत नसलं तरी पाठ आहे. तीस वर्षं बाजूला बसून बघितलं.

संध्याकाळी ऋतिकचा फोन. "झालं तुह्या मनासारखं?"

"अजून नाही."

"भागीदार कार्डं काढून घेते म्हणे. कोणी कोर्टात गेलं त नसती आफत. नुसते पदार्थ छापू, बाकी काहीच नाही. बाबाचं नाव पण नाही. आता त बरं?"

"नाही."

"आई, आता काय पाहिजे तुले?" तो रडत होता. मलाही रडू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही. म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळी सुरभीला बोलावलं आणि रामराव आचाऱ्यांबद्दल एक पान लिहिलं: किती वर्षं रांधलं, कुठे रांधलं, कसे गेले, आणि त्यांच्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर त्यांचा धंदा कोणी चुकीचा लिहिला ते. तिनं त्याचं इंग्रजी केलं. दोन्ही पानं ऋतिकला पाठवली आणि खाली लिहिलं, हे छाप, नाही तर दारावरून माझं नाव उतरव. मग फोन घरी ठेवला, विळा घेतला आणि ममताच्या वावरात निंदायला गेले.